दगडाचा पत्ता

विद्वानांच्या जगाविषयी तुमच्या-आमच्यासारख्या प्रापंचिक माणसांच्या मनात एक आदरयुक्त दुरावा असतो. संशोधनपत्रिका म्हणजे काय, तिच्यात कोण लिहितो, छापण्यापूर्वी ते कोण तपासतो, याची चौकशी करण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचितच येतो. 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' एवढे शब्द कानी पडले की आपण मान डोलावतो. आता मात्र हा दुरावा पूर्वीसारखा राहिलेला नाही. धर्मग्रामातील कित्येक घरांतून मुले-मुली पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहेत, कोणी महाविद्यालयात अध्यापन करीत आहेत, आणि 'अमुक इतके निबंध छापून आलेच पाहिजेत' हा तगादा त्या घरांतील जेवणाच्या पंगतीपर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणूनच आपल्याच देशात घडलेली, एके काळी जगभर गाजलेली आणि आता बरीचशी विस्मरणात गेलेली एक हकीकत येथे सविस्तर सांगावीशी वाटते. हकीकत हिमालयातील दगडांची आहे. पण तिचा खरा विषय विद्वानांची साक्ष हा आहे.

प्रथम संशोधनपत्रिकांच्या जन्माविषयी थोडेसे. १६६५ सालच्या जानेवारीत पॅरिस येथे 'जुर्नाल दे सावां' आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लंडन येथे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' ही नियतकालिके निघाली. दुसऱ्याचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हे रॉयल सोसायटीचे चिटणीस. सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने असे ठरविले होते की, मंडळातील काही सभासदांनी मजकूर आधी पाहावा आणि मगच छपाईचा परवाना द्यावा. आपल्याकडील जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या आरंभीच्या पानावर 'इम्प्रिमातुर', म्हणजे 'छापले जावो', हा लॅटिन शब्द आणि त्याखाली धर्माधिकाऱ्यांची सही पाहिल्याचे अनेक वाचकांना आठवत असेल. गंमत अशी की, प्रॉटेस्टंट इंग्लंडमधील ही शास्त्रज्ञांची सभाही तोच शब्द वापरीत असे. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष सॅम्युएल पेपिस यांचे 'इम्प्रिमातुर' ५ जुलै १६८६ या तारखेसह आजही वाचावयास मिळते.

पुढे या परवान्याचे रूपांतर तज्ज्ञ-परीक्षणात झाले. निबंध आला की संपादक तो त्या विषयाच्या एक-दोन जाणकारांकडे पाठवतात, त्यांचा अभिप्राय घेतात आणि मग तो छापावा की परत पाठवावा हे ठरवतात. ही पद्धत फार पुरातन असल्याचा समज आहे; वस्तुतः ती सर्वत्र रूढ झाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 'नेचर'सारख्या अग्रगण्य ब्रिटिश साप्ताहिकाने प्रत्येक निबंधासाठी परीक्षण आवश्यक केले ते १९७३ साली. या पद्धतीची एक मर्यादा मात्र नीट लक्षात घ्यावी लागेल. परीक्षक आपल्या मेजाशी बसून निबंध वाचतो. युक्तिवाद सुसंगत आहे काय, आधीच्या संशोधनाची दखल घेतली आहे काय, निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे तर गेलेला नाही ना, हे तो सांगू शकतो. पण लेखकाने जे पाहिले म्हणून लिहिले ते खरोखरच पाहिले काय, हे तो सांगू शकत नाही. तेथे लेखकाचा शब्द हाच पुरावा. सारी इमारत या एका शब्दावर उभी असते.

भूशास्त्रात तर या शब्दाचे मोल फारच मोठे. एखादा जीवाश्म, म्हणजे दगडात जतन झालेला प्राचीन जिवाचा अवशेष, आपल्या हाती आला, तर त्याची जात कोणती हे तज्ज्ञ त्याच्या आकारावरून सांगतो. मात्र तो कोणत्या डोंगरात, कोणत्या थरात, कोणत्या थराच्या वर आणि कोणत्याच्या खाली सापडला, हे दगड स्वतः बोलून दाखवीत नाही. ते सांगतो तो दगड उचलणारा माणूस. पत्ता हरवलेला जीवाश्म दिवाणखान्यात मांडण्यापुरता. त्यावरून पृथ्वीचा इतिहास लिहिता येत नाही. आणि चुकीचा पत्ता लिहिलेला जीवाश्म त्याहून वाईट, कारण त्यावरून खोटा इतिहास लिहिला जातो.

हिमालयाच्या बाबतीत हा इतिहास विलक्षण आहे. आज जेथे बर्फाची शिखरे आहेत तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्या समुद्रातील प्राण्यांचे अवशेष आता हजारो मीटर उंचीवर सापडतात. गंडकीच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम हे अशाच सागरी प्राण्यांचे, अमोनाइटांचे, अवशेष होत. ज्या काळात अमुक प्राणी अमुक समुद्रात होते त्या काळात तो समुद्र पृथ्वीवर नेमका कोठे होता, भारताचा भूखंड त्या वेळी कोणाच्या शेजारी होता, हे सारे या अवशेषांवरून ठरते. हिमाचल प्रदेशातील स्पितीचे खोरे हे या दृष्टीने जणू उघडे पडलेले पुस्तकच. झाडझाडोरा जवळजवळ नाही, थरावर थर डोळ्यांना दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्डिनंड स्टोलिक्झका यांनी १८६० च्या दशकात तेथे पायी हिंडून नोंदी केल्या. पुढे हेन्री हेडन यांनी १९०४ मध्ये स्पितीच्या भूरचनेवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. खिंड कोणती, नाला कोणता, गाव कोणते, थराची जाडी किती, हे सारे नोंदवायचे, म्हणजे पुढच्या माणसाला त्याच जागी जाऊन हातोडा मारता आला पाहिजे, ही त्या पिढीची शिस्त.

या पार्श्वभूमीवर चंदिगढच्या पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांचे नाव पुढे आले. १९६० च्या दशकापासून सुमारे पंचवीस वर्षे ते हिमालयातील जीवाश्मांवर लिहीत होते. काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या प्रदेशाविषयी त्यांनी एकट्याने आणि इतरांच्या सोबतीने तीनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध केले. हा आकडा सहज वाचून पुढे जाण्याजोगा नाही. पंचवीस वर्षांत तीनशे निबंध म्हणजे दरमहा एक. ज्या प्रदेशात वर्षातले काही महिनेच वाट मोकळी असते, तेथील क्षेत्रकार्यावर आधारलेले एवढे लेखन कसे होते, असा प्रश्न कोणाला तरी पडावयास हवा होता. पण मोठ्या आकड्याचा एक गुण असा की, तो प्रश्नाला जागाच ठेवीत नाही. उलट तोच आदराचे कारण होऊन बसतो.

त्यांची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. जीवाश्मांच्या एकेका गटाचे जगात मोजकेच तज्ज्ञ असतात. गुप्ता यांच्याकडून अशा तज्ज्ञांना हिमालयातील म्हणून नमुने मिळत. तज्ज्ञ त्यांचे वर्णन करीत, जात ठरवीत, चित्रे सिद्ध करीत. नमुने कोठे आणि कोणत्या थरात मिळाले हा भाग गुप्ता पुरवीत. मग दोघांच्या नावाने निबंध निघे. परदेशातील एखाद्या नामांकित संस्थेचे नाव शेजारी असल्यावर संपादकाला आणि परीक्षकाला शंका घेण्याचे कारण उरत नसे. वर्णन अचूक असे, चित्रे उत्तम असत, तज्ज्ञ प्रामाणिक असत. प्रश्न होता तो फक्त पत्त्याचा, आणि पत्ता पाहिलेला माणूस एकच होता.

ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ जॉन टॅलन्ट हे स्वतः हिमालयात काम केलेले. गुप्ता यांनी वर्णिलेले जीवाश्म आणि तेथील प्रत्यक्ष खडक यांचा मेळ बसत नाही, असे त्यांच्या ध्यानात येत गेले. ते एकटेच नव्हते. सत्तरीच्या दशकातच काही पाश्चात्त्य तज्ज्ञांना यातील काही नमुने विचित्र वाटले होते. 'कोनोडाँट' नावाचे अतिसूक्ष्म अवशेष भूशास्त्रात फार मोलाचे मानले जातात. ईलसारख्या एका लुप्त सागरी प्राण्याच्या तोंडातील ते दातांसारखे भाग. चुनखडक आम्लात विरघळविला की गाळात उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेचावे लागतात. गुप्ता यांनी हिमालयातील एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणांहून नोंदविलेले काही कोनोडाँट हे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराजवळच्या आम्सडेल क्रीक या ओढ्याकाठी मिळणाऱ्या कोनोडाँटांशी तंतोतंत जुळत होते. न्यूयॉर्कच्या त्या भागातील हे अवशेष १८७९ सालापासून शास्त्रज्ञांना परिचित होते. एखादी जात दोन खंडांत सापडणे अशक्य नव्हे. पण तोच समूह, त्याच मिश्रणात, तशाच जतन झालेल्या अवस्थेत, आणि तोही हिमालयाच्या या टोकाला व त्या टोकाला मिळावा, हे पटणे कठीण होते. कोनोडाँट इतके बारीक असतात की एका लहानशा कुपीत शेकड्यांनी मावतात.

अमोनॉइडांची गोष्ट याहून ठळक. आफ्रिकेतील मोरोक्को देशात एरफूद नावाच्या गावाभोवती हे अवशेष विपुल मिळतात. ते घासून-पुसून युरोपातील दुकानांतून शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात. गुप्ता यांनी हिमालयातील म्हणून प्रसिद्ध केलेले अमोनॉइड या मोरोक्कोच्या मालासारखेच होते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील कॅलगरी येथे डेव्होनियन कालखंडावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे टॅलन्ट यांनी भर सभेत, गुप्ता समोर असताना, ही तुलना मांडली. परिषदेत निबंध वाचणे आणि समोर बसलेल्या सहव्यवसायिकाच्या उभ्या आयुष्याच्या कामावर बोट ठेवणे, यांत किती अंतर आहे, याची कल्पना सभासंमेलनांत वावरलेल्या कोणालाही येईल.

त्यानंतर टॅलन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक निबंध तपासावयास घेतला. जे हाती आले त्याने प्रकरण केवळ शंकेचे राहिले नाही. एकाच नमुन्याचे छायाचित्र दोन निबंधांत दोन निराळ्या ठिकाणांच्या नावाने छापलेले आढळले. इतरांच्या प्रकाशित कामातील मजकूर व चित्रे उचललेली आढळली. ठिकाणांची वर्णने इतकी मोघम की दुसऱ्या कोणाला ती जागा शोधून काढणे शक्यच होऊ नये. स्टोलिक्झका आणि हेडन यांनी घालून दिलेल्या शिस्तीच्या नेमके उलट. २० एप्रिल १९८९ च्या 'नेचर'मध्ये टॅलन्ट यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि हे प्रकरण जगाच्या चव्हाट्यावर आले. लेखाच्या शीर्षकात त्यांनी या जीवाश्मांना 'भटके' असे म्हटले होते. दगड स्वतःहून भटकत नाहीत, एवढाच त्यातला टोमणा.

'नेचर'ने गुप्ता यांनाही बाजू मांडण्याची संधी दिली. सप्टेंबर १९८९ च्या अंकात त्यांचे उत्तर आले. त्यांनी आरोप साफ नाकारले. त्याच अंकात इतरांचीही मते होती. फ्रान्सचे फिलिप जानव्हिए हे प्राचीन माशांचे तज्ज्ञ, गुप्ता यांचे एके काळचे सहलेखक. त्यांनी आपल्या टिपणाला दिलेल्या शीर्षकाचा अर्थ 'विश्वासाचा भंग' असा होतो. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, पंजाब विद्यापीठातील भूशास्त्राचेच अध्यापक अरुणदीप अहलुवालिया यांनी आपल्या सहकाऱ्याविरुद्ध लिहिले. या प्रकरणात कोणाला परकीयांचा कावा दिसत असेल, तर त्याने हे नाव आठवावे. सिडनीला बसून आक्षेप घेणे एक आणि त्याच इमारतीत, त्याच जिन्याने रोज ये-जा करताना आक्षेप घेणे दुसरे. मला या साऱ्या हकीकतीत टॅलन्ट यांच्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, आदर या दुसऱ्या प्रकारच्या धैर्याविषयी वाटतो.

मग प्रश्न असा उरतो की, ज्यांना वीस वर्षे शंका येत होती ते गप्प का बसले? माझ्या मते याची कारणे माणसाच्या स्वभावात आहेत, विज्ञानात नव्हेत. ज्यांनी एकदा सही केली त्यांना आपली सही चुकीच्या कागदावर पडली असे म्हणणे जड जाते. संपादकाला वाटते, परीक्षकांनी पाहिले आहे. परीक्षकाला वाटते, सहलेखक मोठा आहे. सहलेखकाला वाटते, जागा पाहणारा माणूस तेथलाच आहे, त्याला ठाऊक नसेल तर कोणाला? अशी प्रत्येकाने आपली खात्री शेजाऱ्याच्या खात्रीवर टेकवून ठेवलेली असते, आणि त्या रांगेच्या शेवटी जमिनीवर पाय टेकलेला कोणीच नसतो. शिवाय विद्यापीठाच्या दृष्टीने असा प्राध्यापक म्हणजे भूषण. वार्षिक अहवालात त्याच्या निबंधांची यादी सर्वांत लांब असते.

जीवाश्मांच्या बाबतीत फसवणुकीचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. १९१२ च्या डिसेंबरात लंडनच्या भूशास्त्रीय सभेपुढे 'पिल्टडाऊन मानव' सादर झाला; माणसाची कवटी आणि वानराचा जबडा असलेला हा 'पूर्वज' चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत मिरवला. १९५३ मध्ये सिद्ध झाले की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानाचा, दात कानशीने घासलेले आणि सारे रंगवून जुने भासविलेले. या प्रकरणाचा आपल्या मंडळींना जवळचा वाटावा असा एक धागा आहे. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्या खड्ड्यातून एक सुळा शोधून काढला तो येशूसंघीय तरुण पिएर तेयार द शार्दँ यांनी. पुढे तत्त्वचिंतक म्हणून विख्यात झालेले आणि १९३५ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात भूशास्त्रीय पाहणीसाठी येऊन गेलेले हेच ते. तेही कटात सामील होते, असा तर्क १९८० मध्ये एका नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म तपासणीने मात्र बोट दाखविले ते मूळ 'शोधक' चार्ल्स डॉसन यांच्याकडे, बहुधा त्यांच्या एकट्याकडे. म्हणजे ज्याने विश्वासाने खड्डा उकरला त्या धर्मगुरूच्या नावावर मृत्यूनंतरही दीर्घकाळ संशयाची सावली पडून राहिली. खोट्या साक्षीत जे निष्पाप भागीदार होतात त्यांचे असे होते.

दोन्ही प्रकरणांत एक फरक आहे व तो मोठा आहे. पिल्टडाऊनचा दगड एक होता. तो पुस्तकातून काढून टाकता आला. हिमालयाच्या बाबतीत शेकडो निबंधांत विखुरलेल्या नोंदी होत्या, आणि त्यांच्या आधारे इतरांनी पुढे लिहिलेले निबंध वेगळेच. त्यातील काही भाग खरा असेलही. पण कोणता खरा नि कोणता खोटा हे सांगता येत नाही, म्हणून सारेच बाजूला ठेवावे लागते. दुधाच्या हंड्यात पाणी किती पडले हे मोजून ते काढता येत नाही, तसा हा प्रकार.

आता शिक्षेविषयी. विद्यापीठाने गुप्ता यांना निलंबित केले, पण हे निलंबन अकरा महिन्यांपुरतेच राहिले. ते पुन्हा रुजू झाले. एका निवृत्त न्यायाधीशांकडे चौकशी सोपविण्यात आली आणि १९९४ मध्ये तिचा निष्कर्ष त्यांच्या विरुद्ध गेला. तरीही त्यांना बडतर्फ करण्यात आले नाही. २००२ साली ते नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. आरोप छापून आल्यापासून निवृत्तीपर्यंत तेरा वर्षे. या तेरा वर्षांत त्या विभागात विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या शिकून बाहेर पडल्या असतील, आणि त्यांनी आपल्या विषयाविषयी कोणता धडा घेतला असेल, हा विचार मनातून जात नाही.

भारतात अशा तक्रारींची तड लावणारी वैधानिक यंत्रणा त्या वेळी नव्हती. नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. एस. पेंटल यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये दिल्लीत 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' स्थापन झाली होती, परंतु तिच्या हाती नैतिक वजनापलीकडे काही नव्हते. ब्रिटनमधील वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांनी १९९७ मध्ये प्रकाशन-नीतीची समिती स्थापली. गैरप्रकार उघड झाल्यास संपादकाने काय करावे, निबंध मागे कसा घ्यावा, सहलेखकाची जबाबदारी कोठवर, याचे दंडक तिने घालून दिले आणि आज जगभरातील हजारो पत्रिका ते मानतात. कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावे असलेला भौतिकीतील एक निबंध परक्या निबंधावरून उतरविल्याचे २००२ मध्ये उघड झाले, तेव्हा अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले आणि चौकशीनंतर, २००३ मध्ये, कुलगुरूंना पद सोडावे लागले. चंदिगढच्या मानाने हा निकाल फारच लवकर लागला म्हणावयाचा.

आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो तो याच्या पुढच्या टप्प्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी गुणांकन आणले आणि छापील निबंधाला गुण मिळू लागले. गुण मिळू लागताच ते विकणारेही निघाले. पैसे भरा आणि आठवड्याभरात छापून घ्या, अशा पत्रिकांचे पेव फुटले. परीक्षण नावापुरतेच, पुष्कळदा तेही नाही. आयोगाने मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी केली, तर तीत या पत्रिकाही शिरल्या. पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या पत्रिकांपैकी १००९ पत्रिका नमुन्यादाखल तपासल्या. त्यांतील ८८ टक्के निकृष्ट ठरल्या. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४३०५ पत्रिका यादीतून काढल्या. त्याच वर्षी वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम झाले, आणि पुढे पुणे विद्यापीठातच मुख्य केंद्र ठेवून नवी, काटेकोर यादी सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही यादी बंद केल्याचे जाहीर केले. पत्रिकेची पारख आता ज्याच्या त्याच्या संस्थेने करावयाची आहे.

प्रबंध सादर करण्यापूर्वी तो संगणकातून काढून 'साम्य' दहा टक्क्यांच्या आत आहे ना, हे आता प्रत्येक विद्यार्थी पाहतो. उपाय उपयुक्त आहे, परंतु त्याची झेप ओळखून असावे. संगणक शब्दांची चोरी पकडतो. 'हा दगड मला अमुक नाल्याच्या डाव्या काठी मिळाला' हे वाक्य सर्वस्वी नवे असले, कोणाचेही उचललेले नसले, तरी ते खोटे असू शकते. आणि ते खोटे आहे हे कळण्यासाठी कोणाला तरी त्या नाल्यापर्यंत चालत जावे लागते.

तसे चालत जाणारेही होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ओ. एन. भार्गव आणि उदय बस्सी यांनी स्पिती आणि किन्नौरचा प्रदेश थराथराने पाहिला, आणि १९९८ मध्ये सर्वेक्षणाने त्यांचा तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या प्रदेशाचे दगड वाचू इच्छिणारा विद्यार्थी आज आरंभ करतो तो त्या ग्रंथापासून, आणि त्यामागे जावयाचे झाले तर हेडनच्या १९०४ च्या पानांपाशी.